बुटांच्या खोक्यातल्या पुड्या

मंदाकिनी वर्तकांना राग यायला कारण लागत नाही, असं कर्वेनगरातल्या त्यांच्या सोसायटीचा वॉचमनसुद्धा सांगेल. साफ खोटं आहे. कारण लागतं. पण कारणं उठल्यापासून झोपेपर्यंत ढिगाने मिळतात, त्याला बाईंनी काय करावं?

चौतीस वर्षं त्या एका सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे बसल्या. कागदोपत्री फार्मासिस्ट, लोकांच्या तोंडी 'खिडकीवरच्या बाई'. समोर रांग, मागे कपाटं, डोक्यावर कुरकुरणारा पंखा. डॉक्टरांनी चिठ्ठीवर काढलेले कोंबडीचे पाय वाचायचे, गोळ्या मोजायच्या, कागदी पाकिटात घालायच्या आणि घेणाऱ्याच्या डोक्यात शिरेपर्यंत सांगायचं. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्या पाकिटावर बाई पेनाने सूर्य काढत, नाहीतर चंद्रकोर. सूर्य म्हणजे सकाळी, चंद्रकोर म्हणजे रात्री. जेवणानंतरची गोळी असेल तर खाली एक ताट. खिडकीच्या चौकटीवर स्वतःच्या अक्षरात पाटी लावलेली: 'समजलं नसेल तर दहा वेळा विचारा. अकराव्यांदा ओरडेन.' हीसुद्धा थापच. दुसऱ्यांदा विचारलं की त्या ओरडत.

पण का ओरडत, तेही बघा ना! तुळजाबाई म्हणून एक भाजीवाली प्रेशरची गोळी दिवसाआड खायची. का, तर 'रोज खाल्ली की सवय लागती बाई'. एक निवृत्त हेडमास्तर दोन डॉक्टरांनी दोन नावांनी दिलेली एकच गोळी इमानेइतबारे दोन्हीकडची घेत होते आणि चक्कर येते म्हणून तिसऱ्या डॉक्टरकडे निघाले होते. शिकलीसवरलेली माणसं! अशांना काय ओवाळायचं?

आणि एक गोळी देताना तर बाई खिडकीतून अर्ध्या बाहेर येत. कुणाला दम्यासाठी नाहीतर संधिवातासाठी स्टेरॉइड लिहून दिलेलं असलं की पाकीट हातात घट्ट धरून त्या आधी वदवून घेत. "एकदम बंद करायची नाही. म्हणा." पेशंट म्हणे, "एकदम बंद करायची नाही." "बरं वाटलं तरी?" "बरं वाटलं तरी." "कोणी सांगितलं तरी?" "कोणी सांगितलं तरी." "मग थांबवायची कशी?" "डॉक्टर सांगतील तशी, कमी करत करत." तेव्हा कुठे पाकीट सुटे. बाहेरून आयतं मिळायला लागलं की शरीर स्वतःचं बनवायचं सोडून देतं, आणि आयतं एकदम तोडलंत तर माणूस कोसळतो, हे त्यांनी किती जणांकडून घोकून घेतलं असेल याची मोजदाद नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. बाईंच्या लक्षात राहिलं नाही, ते पुढे येईलच.

त्यांचे यजमान दीनानाथ म्हणजे अगदी उलटा कारभार. भूगोलाचे मास्तर, पण वर्गातसुद्धा आवाज चढवायचे नाहीत. आता वय एकोणऐंशी. मधुमेह होता, पण गोळीने ताब्यात. खरं दुखणं गुडघ्यांचं. तरुणपणापासून दर रविवारी सकाळी पर्वती चढायची आणि वरून शहराकडे बघत उभं राहायचं, हा त्यांचा नेम. तो दोन वर्षांपूर्वी सुटला. डॉक्टरकडे गेले, तर त्याने एक्स-रे उजेडाकडे धरला, "आजोबा, वयोमानाने हे व्हायचंच," म्हणाला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. तीन मिनिटं! दोन तास बाकावर बसवून तीन मिनिटं! घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती कणीक मळता मळता म्हणाली, "बरोबर बोलला तो. या वयात पर्वती सर करून कुठला झेंडा लावायचाय?" दीनानाथ गप्प बसले. गप्प बसलेल्या माणसाला आपलं पटलं असं बायकांना वाटतं. तिथेच घात होतो.

मग मोबाइलवर एक निरोप आला. 'मोफत सांधेदुखी शिबिर. शंभर टक्के नैसर्गिक. साइड इफेक्ट शून्य.' पाठवणारे गुलजार तांबोळी, दीनानाथांचे चाळीस वर्षांचे स्नेही, पोस्टातून निवृत्त झालेले. माणूस लाखात एक. असल्या निरोपांचा प्रसार करायला लाखात एक माणसंच लागतात. लुच्च्याने पाठवलं तर कोण विश्वास ठेवील? दोघे मिळून एका मंगल कार्यालयात गेले. तिथे जाकीट घातलेल्या एका गृहस्थाने दीनानाथांना खुर्चीवर बसवलं, स्वतः खाली बसला, त्यांचे दोन्ही गुडघे हातात घेतले आणि विचारलं, "मास्तर, कधीपासून दुखतंय? सगळं सांगा." वीस मिनिटं ऐकत होता. पर्वतीचंसुद्धा ऐकलं. मग वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या पुड्या दिल्या. रोज सकाळी एक. आत काय आहे ते लिहिलेलं नाही, कोणी बनवलं त्याचं नाव नाही, तारीख नाही. गुरांच्या पेंडीच्या पोत्यावरसुद्धा यापेक्षा जास्त लिहिलेलं असतं!

आठ दिवसांत गुडघे लोण्यासारखे झाले. झाले, हे खरंच. तोच तर या हरामखोरीचा कणा आहे. तिसऱ्या आठवड्यात दीनानाथ पर्वतीच्या पायऱ्या चढले आणि वर जाऊन, गुलजारभाईंनीच नंतर सांगितलं, लहान मुलासारखे रडले. मग काय! बागेतल्या कट्ट्यावरचे आणखी तिघे सामील झाले. पाच म्हातारे रोज फिरून आले की अमृततुल्यवर हाफ चहा मागवत, खिशातून पुडी काढत, जिभेवर टाकत आणि वर चहाचा घोट घेत. पाचांपैकी एकानेही घरी सांगितलं नाही, डॉक्टरला तर नाहीच. का? तर म्हणे, "ते काय औषध थोडंच आहे? पुडी आहे." म्हणजे जी जिभेवर टाकल्यावर दोन वर्षांचं दुखणं आठ दिवसांत पळतं, ती औषध नव्हे! मग काय बडीशेप?

घरात मात्र काहीतरी बिनसत होतं. दीनानाथांची भूक वाढली. चेहरा भरला, गाल वर आले. हाताला कुठे नुसतं दार लागलं तरी जांभळे डाग पडायला लागले. आणि साखर वाढली. मंदाकिनीबाईंनी निदान केलं: हे चोरून आंबाबर्फी खातात. खिडकीवर असं तोंड घेऊन दुसरा कोणी आला असता तर बाईंनी पाकीट उघडायच्या आधी ओळखलं असतं की हा स्टेरॉइडवर आहे. पण नवऱ्याच्या तोंडाकडे पन्नास वर्षांनंतर कोण एवढं निरखून बघतं? त्या त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेल्या. डॉक्टरने विचारलं, "आणखी काही औषध घेता का?" दीनानाथांनी तोंड उघडलं, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "काही घेत नाहीत. मी असताना कसं घेतील? सगळं माझ्या नजरेखालून जातं." डॉक्टरने मान डोलावली आणि साखरेची गोळी वाढवून दिली.

असे सहा महिने गेले. एका सोमवारी बाईंनी बुटांचं कपाट आवरायला काढलं. दीनानाथांच्या फिरायच्या बुटांचं खोकं उचललं तर आत बूट नाहीत, पुड्या. चाळीस तरी असतील, ओळीने रचलेल्या.

"काय आहे हे?"

"पुडी," दीनानाथ म्हणाले.

"ती दिसतेय मला. आत काय आहे?"

"जडीबुटी."

"कुठली?"

"...चांगली असते."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौतीस वर्षं साऱ्या गावाला शहाणपण शिकवलं आणि आपल्याच घरात, बुटांच्या खोक्यात, हे! त्यांनी एक पुडी फोडली, चिमूट जिभेवर ठेवली. सुंठेच्या आड कडू लागलं. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, सहा महिन्यांत पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग हातांवरच्या डागांकडे.

"स्टेरॉइड घातलंय यात!" त्या किंचाळल्या. "तुम्हाला अक्कल आहे का? मुलांना पृथ्वी गोल आहे हे शिकवलंत आणि स्वतः...! अहो, विष खात होतात तुम्ही, चहाबरोबर!"

खोकं घेऊन त्या तरातरा बेसिनशी गेल्या आणि एकेक पुडी फाडून नळाखाली रिकामी करायला लागल्या.

दीनानाथ दारात उभे होते. हळूच म्हणाले, "मंदा, एकदम सगळंच टाकतेस?"

"एकदम!" बाई म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता! आणि उद्यापासून त्या कट्ट्यावर पाऊल टाकलंत तर बघा!"

मंगळवारी दीनानाथ उठले नाहीत. अंगात त्राण नाही म्हणाले. बुधवारी अन्न नको, मळमळतंय म्हणाले. गुडघे तर पुन्हा दगड झालेले. बाईंचा राग अजून उतरलेला नव्हता. "पुडी गेली म्हणून रुसवा चाललाय," त्या म्हणाल्या, आणि साखरेची ती वाढवलेली गोळी मात्र वेळेवर, स्वतःच्या हाताने, नवऱ्याच्या तोंडात घातली. पोटात दोन घास पेजेपलीकडे काही नव्हतं. तरी घातली. औषध चुकवायचं नाही म्हणजे नाही!

गुरुवारी सकाळी साडेसातला न्हाणीघराच्या दारात धप्पकन आवाज झाला. दीनानाथ जमिनीवर, घामाने निथळत, बोलणं जड, नजर ठरत नाही. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. तरी हातांना सवय होती. साखर उतरली हे ओळखून त्यांनी गालाच्या आत ग्लुकोजची पूड चोळली, शेजाऱ्यांना हाका मारल्या. गुलजारभाई दोन दिवस मित्र दिसला नाही म्हणून चौकशीला आले होते, ते जिन्यातच भेटले. शेजाऱ्यांच्या गाडीतून दहा मिनिटांत सगळे जवळच्या हॉस्पिटलमध्ये पोचले.

तिथे ड्युटीवर कादंबरी नावाची एक तरुण डॉक्टर होती. साखर अठ्ठेचाळीस निघाली. सलाईन लावलं, साखर वर आली. पण प्रेशर ऐंशीच्या वर सरकेना. एक बाटली गेली, दुसरी लावली, तरी सरकेना. बाई पलंगाशी उभ्या. पन्नास वर्षांचा संसार एका यंत्रावरच्या आकड्याला टांगलेला.

डॉक्टर त्यांच्याकडे वळली. "आजी, घाई आहे, पण नीट आठवून सांगा. चिठ्ठीवरची औषधं सोडून आणखी काही घेत होते? आयुर्वेदिक, होमिओपॅथी, काढा, चूर्ण, कोणी दिलेल्या गोळ्या? काहीही चालेल. मी रागावणार नाही."

मी रागावणार नाही. एवढ्याशा पोरीने हे म्हणावं आणि आपल्याला चौतीस वर्षांत एकदाही सुचू नये!

"पुडी," त्या म्हणाल्या. "सहा महिने. रोज. स्टेरॉइड असणार त्यात."

"आणि बंद कधी केली?"

"सोमवारी." त्या क्षणी चौतीस वर्षं दुसऱ्यांकडून वदवून घेतलेलं ते वाक्य बाईंच्या कानात वाजलं, पेशंटच्या आवाजात, एकामागून एक. "एकदम बंद केली. त्यांनी नाही. मी केली. मला माहीत होतं आणि मी केली."

डॉक्टरने एक शब्द वाया घालवला नाही. रक्त काढून घेतलं आणि सिस्टरला स्टेरॉइडचंच इंजेक्शन सांगितलं. मग विचारलं, "पुडी आहे का? नमुना मिळाला तर तपासायला पाठवता येईल." बाईंनी मान हलवली. सगळ्या बेसिनमधून गेल्या होत्या.

मागून एक हात पुढे आला. गुलजारभाईंचा. तळहातावर वर्तमानपत्राची पुडी, आज सकाळची, अजून न फोडलेली.

अकराच्या सुमाराला प्रेशर शंभरावर आलं. दीनानाथांनी डोळे उघडून पाणी मागितलं. बाई बाहेर येऊन बाकावर बसल्या. शेजारी गुलजारभाई डोळे पुसत होते.

"वहिनी, माझं पाप आहे हे. मीच नेलं होतं त्याला. आत्ता ग्रुपवर टाकतो सगळ्यांना, पुड्या फेकून द्या, आजपासून बंद!" आणि त्यांनी मोबाइल काढून भराभर लिहायला घेतलंसुद्धा.

बाईंनी त्यांचं मनगट असं धरलं की मोबाइल खाली पडला.

"खबरदार पाठवलंत तर! फेकू नका! बंद करू नका!" त्या इतक्या जोरात ओरडल्या की कॉरिडॉरमधली माणसं थबकली. जन्मात पहिल्यांदा मंदाकिनी वर्तक कोणाला तरी विष बंद करू नका म्हणून ओरडत होत्या. "मेसेज पाठवून मारणार आहात का चौघांना? मी एकाला मारायला निघाले होते, तेवढं पुरे झालं! उचला तो मोबाइल. मी सांगते ते लिहा."

गुलजारभाईंनी मुकाट्याने लिहून घेतलं. पुडी स्वतःच्या मनाने बंद करू नका. आजच, आत्ता, डॉक्टरकडे जा. पुडी बरोबर न्या आणि समोर ठेवा. किती दिवस घेतली ते खरं सांगा. लाजू नका. घरच्यांना घेऊन जा. बाईंनी ते परत वाचून घेतलं, मग एकेकाला फोन करायला लावला, आणि प्रत्येकाकडून वदवून घेतलं. संध्याकाळपर्यंत चौघेही, गुलजारभाई धरून, डॉक्टरांसमोर बसले होते.

तपासणीत पुडीत स्टेरॉइड निघालं. सुंठही निघाली म्हणा, म्हणजे तो जाकीटवाला नैसर्गिक म्हणाला ते अगदीच खोटं नव्हतं! बाईंनी औषध खात्याच्या कचेरीत रीतसर तक्रार दिली, पुडीसकट, चार पानी, सुवाच्य अक्षरात. त्या गृहस्थाचा फोन बंद. मंगल कार्यालयाचा मॅनेजर म्हणाला, "आम्ही हॉल देतो, बाई. आत कोण काय वाटतं ते आम्ही बघत नाही." पुढचं शिबिर वाघोलीला झालं असं कळलं. तेच जाकीट, तीच खुर्ची, खाली बसून म्हाताऱ्यांचे गुडघे हातात घेणं तेच. बाई कळताच रिक्षाने तिथवर गेल्या, तर मांडव उठलेला. त्या रिकाम्या खुर्च्यांसमोर उभ्या राहून त्यांनी जे काही म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तक्रारीचा पाठपुरावा अजून चालू आहे. दर सोमवारी त्या जातात. तिथल्या कारकुनाला आता बाईंची चाहूल जिन्यावरच कळते.

दीनानाथ आठ दिवसांनी घरी आले. आता स्टेरॉइडची गोळी डॉक्टरांनी लिहून दिलेली, आठवड्या-आठवड्याने कमी करत न्यायची. साखरेची गोळी पुन्हा पहिल्यासारखी. गुडघ्यांसाठी डॉक्टर कादंबरीने व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं; दुखणं पूर्ण जाणार नाही, पण कमी होईल, असं खरं खरं सांगितलं. मंदाकिनीबाईंनी कागदी पाकिटं आणली, प्रत्येकावर तारीख घातली आणि जुन्या सवयीने पेनाने सूर्य काढला. खाली एक ताट.

पाकीट हातात देताना मनातलं बाहेर पडलंच. "सहा महिने! मला एका शब्दाने सांगावंसं वाटलं नाही? मला? सगळा दवाखाना माझ्याकडे विचारायला यायचा!"

"आलो होतो ना मीही," दीनानाथ म्हणाले. "पहिल्याच दिवशी. पुडी घ्यायच्या आधी. तू भाजी निवडत होतीस. मी म्हटलं, मंदा, एक विचारायचं होतं. तू म्हणालीस, आता आणखी काय नवीन काढलंत?"

बाईंना आठवेना. आठवेना म्हणजे काय, असं त्यांनी रोज कितीदा म्हटलं असेल, त्यातलं ते नेमकं कुठलं?

दीनानाथ थोडा वेळ पाकिटावरच्या सूर्याकडे बघत राहिले. मग उठले, भिंत धरत कपाटापर्यंत गेले आणि सदऱ्यांच्या घडीमागून एक छोटी बाटली काढून आणली. आत पांढऱ्या गोळ्या. बाटलीवर नाव नाही.

"हेही आहे," ते म्हणाले. "झोपेसाठी. कट्ट्यावर एकाने दिल्या होत्या. त्या पुडीने झोप उडायची ना."

रागाची ती ओळखीची आग पुन्हा तळपायातून निघाली. बाईंचं तोंड उघडलं. दीनानाथांनी बाटली धरलेला हात थोडा मागे घेतला. अगदी थोडाच. दवाखान्याच्या खिडकीसमोर पाकीट घेताना किती तरी हात असेच मागे जात, हे बाईंना तेव्हा दिसत होतं. त्याचा अर्थ लागत नव्हता.

त्यांनी तोंड मिटलं. स्टूल ओढून त्या नवऱ्यासमोर बसल्या, त्यांच्या हातातून बाटली घेऊन मांडीवर ठेवली.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "सगळं सांगा. मी ऐकतेय."

दीनानाथांनी आधी त्यांच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं. मग सांगायला लागले. गोळ्यांचं सांगितलं, गुडघ्यांचं सांगितलं, मग पर्वतीचं. वीस मिनिटं तरी झाली असतील. बाई मधे एक शब्द बोलल्या नाहीत.